वरून दिसणारा नकाशा आणि पायाखालची जमीन



आदिवासी भागातील कामाचे वृत्तांत आपण वाचतो तेव्हा शाळा, दवाखाना, वसतिगृह, विहीर हे शब्द वारंवार भेटतात. या लेखात एका वेगळ्या कामाची ओळख करून घेऊ. हे काम करणाऱ्याला लँडस्केप इकॉलॉजिस्ट म्हणतात. मराठीत अजून रुळलेला शब्द नाही. मुलखाच्या परिसराचा अभ्यासक असे म्हटले तरी चालेल. हा माणूस एकच झाड किंवा एकच प्राणी पाहत नाही. डोंगर, त्यावरचे रान, खालचा ओढा, काठची भातखाचरे, मधला पाडा आणि रस्ता हे सारे एकमेकांना कसे जोडलेले आहे, आणि कोठे तुटले आहे, हे तो पाहतो. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३९ साली विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासताना या शास्त्राला नाव दिले. म्हणजे वरून पाहण्याची सवय या शास्त्राला जन्मापासूनच आहे. तिचा उपयोग मोठा आहे, आणि धोकाही तिच्यातच आहे.

जोडलेपण म्हणजे काय, ते एका वाघाने विदर्भात दाखवून दिले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली जीपीएस पट्टा बांधला होता. तो शेते, ओढे, रस्ते ओलांडत, मध्येच तेलंगणात जाऊन येत, वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सारी चाल मिळून सुमारे ३,००० किलोमीटर भरली. नकाशावर अभयारण्ये म्हणजे सुटे हिरवे ठिपके. वाघाला जगवले ते मधल्या बिननावाच्या झुडपांनी आणि नाल्यांनी. ही मधली जमीन कोणाची, ती कोण राखतो, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. आदिवासी भागात ती बहुधा गावाच्या वहिवाटीची असते: गुरांची, सरपणाची, मोहाची, तेंदूपानाची. शतकानुशतके वापरात, पण कागदावर गावाचे नाव नाही.

आता या अभ्यासकाचे साधन पाहू. उपग्रह जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजतो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतील फरकावरून जमिनीवर हिरवळ किती, याचा अंदाज संगणक बांधतो. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली गेला, भारताचा आयआरएस-१ए १९८८ साली. २००८ पासून लँडसॅटची जुनी चित्रे सर्वांना विनामूल्य मिळू लागली. इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून आहे, आणि क्यूजीआयएस नावाची नकाशे करण्याची संगणकप्रणाली तर फुकट मिळते. पूर्वी जे केवळ सरकारी कार्यालयात होते, ते आज तालुक्याच्या गावी एखाद्या पदवीधर मुलीच्या लॅपटॉपवर येऊ शकते. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु चित्र किती बारीक आहे, हे विचारल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. उपग्रहाचे चित्र लहान चौकोनांचे बनलेले असते. लँडसॅटचा एक चौकोन ३० मीटर लांबरुंद, आपल्या उपग्रहांवरील लिस-३ कॅमेऱ्याचा साडेतेवीस मीटर, युरोपच्या सेंटिनेल-२ चा १० मीटर. एका चौकोनाला एकच रंग. समजा, एखाद्या कुटुंबाची वरकस जमीन वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर आहे. ती सुमारे २,००० चौरस मीटर होते. लिस-३ च्या चित्रात एवढ्या जमिनीला जेमतेम साडेतीन चौकोन मिळतात, आणि त्यांतलेही बहुतेक बांधावर पडून शेजारच्या झाडीत मिसळतात. त्यात आदिवासी शेतकरी शेतातला मोह तोडत नाही. वरून पाहणाऱ्याला दिसते ती झाडी. खाली मात्र नाचणी उभी असते.

शिवाय महिना कोणता, हेही पाहावे लागते. नाचणी आणि वरई पावसाळ्यात वाढते, आणि नेमके तेव्हाच आभाळ झाकलेले असल्यामुळे चांगले चित्र मिळत नाही. ढग हटून स्वच्छ चित्र येईपर्यंत पीक निघालेले असते किंवा निघण्याच्या बेतात असते, आणि शेत गवताळ पडीक दिसते. उलट, एप्रिलमधले चित्र घेतले तर सागाची पाने गळून गेलेली असतात आणि चांगले राखलेले रानही उजाड वाटते. एकाच टेकडीबद्दल नोव्हेंबरचे चित्र एक सांगते, एप्रिलचे दुसरे. दोन्ही खरी आहेत. चूक होते ती एकाच चित्रावरून निकाल देणाऱ्याची. वनाच्छादनाच्या सरकारी मोजणीतही किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्क्यांहून अधिक झाडांचे छत्र असेल तर ती वनाच्छादित धरतात. झाडे कोणती आणि जमीन कोणाची, हे त्यात विचारात घेत नाहीत. त्यामुळे दाट आमराई आणि रान एकाच रकान्यात पडू शकतात.

हे केवळ शास्त्रीय बारकावे असते तर या पत्रिकेची पाने त्यासाठी अडवली नसती. वनहक्क कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत होते, तिच्यावर चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. मग त्या दिवशी जमीन कसली जात होती की नव्हती, असा प्रश्न आला, आणि उत्तरासाठी अनेकांनी उपग्रहाकडे बोट दाखवले. गुजरातेत अशा चित्रांच्या आधारावर मोठ्या संख्येने दावे फेटाळले गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि केवळ उपग्रहचित्रावरून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने २०१३ साली सांगितले. त्याआधी, २०१२ च्या सुधारित नियमांतही हेच आले होते: उपग्रहचित्र इतर पुराव्याला जोड देऊ शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, जुनी विहीर, बांध, थडगे, देवस्थान हेही पुरावेच आहेत. वाचकांपैकी जे दावेदारांना कागदपत्रांत मदत करतात, त्यांनी हा नियम जवळ ठेवावा.

त्याच गुजरातेत, नर्मदा जिल्ह्यात, गावच्या तरुणांनी हातात जीपीएस घेऊन शेतांच्या हद्दी चालून मोजल्या, आणि त्या जुन्या उपग्रहचित्रांवर मांडून आपले दावे बळकट केले. ज्या साधनाने नाकारले, तेच साधन गावाच्या हाती आल्यावर साक्षीला उभे राहिले. अर्थात जीपीएसलाही मर्यादा आहेत. मोकळ्या माळावर साधे यंत्र तीन ते पाच मीटर चुकते, दाट झाडीत आणि अरुंद दरीत त्याहून जास्त. ४५ मीटर बाजूच्या चौकोनी शेताच्या दोन्ही अंगांना मिळून पाच मीटर कमी मोजले गेले तर २,०२५ चौरस मीटरचे १,६०० होतात. गरिबाच्या जमिनीत हा फरक सोसणारा नसतो. म्हणून कोपऱ्यावर थांबून अनेक नोंदी घ्याव्यात आणि टेपने एकदा पडताळावे.

कायद्यात वैयक्तिक हक्कापेक्षाही मोठी, पण कमी बोलली जाणारी तरतूद सामूहिक वनहक्काची आहे. गावाने परंपरेने राखलेले रान जपण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला असा हक्क २००९ साली मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर रानावर. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. जमीन राखण्याचे काम एवढ्या क्षेत्रावर एवढ्या जबाबदारीने करणारी माणसे शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. माझ्या मते नकाशाशास्त्राचा खरा कस येथेच लागतो.

कारण सामूहिक दाव्याला हद्द दाखवावी लागते, आणि ती उपग्रहाला दिसत नाही. ती लोकांना पाठ असते. चांगला अभ्यासक प्रथम लॅपटॉप उघडत नाही. अंगणात खडूने किंवा राखेने गावाचा नकाशा काढायला सांगतो. पुरुष बहुधा रस्ते आणि शिवा आधी काढतात. बायका झरे, सरपणाच्या वाटा, कंद आणि रानभाज्यांच्या जागा सांगतात, म्हणून त्यांना वेगळे बसवून विचारणे फायद्याचे ठरते. मग शेजारच्या गावाला निरोप देऊन दोन्ही गावांची माणसे हद्द चालतात. ही पायरी गाळली तर पुढे भांडण ठरलेले. त्यानंतर या चालीची रेघ, वनखात्याचे कक्ष क्रमांक, भूमापनाचा गाव नकाशा आणि जुनी निस्तारपत्रके एकावर एक ठेवायची. जेथे रेघा जुळत नाहीत तेथे पुन्हा रानात जायचे.

सर्व काही नकाशावर यावे असे मात्र नाही. दुर्मिळ औषधी वनस्पती कोठे आहे, खवल्या मांजराचे बीळ कोठे, देवाची जागा कोठे, हे इंटरनेटवर टाकले तर चोराला वाट दाखवल्यासारखे होईल. कोणता थर बाहेर द्यायचा आणि कोणता गावातच ठेवायचा, हे ग्रामसभेने ठरवावे. तसेच वाघाच्या वाटेची पट्टी कागदावर ओढताना खाली पाडा आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. अतिमहत्त्वाच्या वन्यजीव क्षेत्रातूनही ग्रामसभेच्या लेखी संमतीवाचून लोकांना हलवता येत नाही, असे हाच कायदा सांगतो.

हक्काचा कागद मिळाला की राखणे सुरू होते, आणि त्यात पहिला शत्रू वणवा. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचे इशारे मोबाइलवर पाठवते. नाव नोंदवणाऱ्या कोणालाही ते मिळतात. त्या उपग्रहाचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे आग सुमारे चौदा हेक्टरमध्ये कोठेतरी आहे एवढेच कळते. कोणत्या उतारावर मोह वेचण्यासाठी पाला जाळतात, वारा दुपारनंतर कोणत्या खिंडीतून फिरतो, आणि जाळरेषा कोठे आखली तर आग अडेल, ही माहिती गावातच मिळते. मोह पडायच्या आधी, म्हणजे जानेवारीतच, हा नकाशा गावाबरोबर बसून तयार करावा लागतो.