स्वादुपिंडदाह : 'पित्त' म्हणून दुर्लक्षिलेली कळ

मराठी घरांत 'पित्त' या शब्दाचा संसार फार मोठा आहे. छातीत जळजळले तरी पित्त, डोके दुखले तरी पित्त, आणि उलटी झाली की 'पित्त पडले'. या ऐसपैस शब्दाआड जे गंभीर आजार लपून बसतात, त्यांपैकी तीव्र स्वादुपिंडदाह हा एक होय. गंमत अशी की, येथे पुष्कळदा खरोखरच पित्ताचा, म्हणजे पित्ताशयातील खड्याचा, हात असतो. मात्र आम्लपित्ताच्या गोळीने तो सुटत नाही.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पसरलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ही ग्रंथी. ती इन्सुलिन निर्माण करते हे बहुतेकांस ठाऊक असते; परंतु तिचा बहुतांश भाग पाचकरस तयार करण्यात गुंतलेला असतो. प्रथिने पचविणारे ट्रिप्सिन येथे निद्रिस्त रूपात तयार होते व ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभी, पोहोचल्यावरच जागे होते. ते ग्रंथीतच अवेळी जागे झाले, तर स्वतःचेच घर पचवू लागते. हान्स किआरी यांनी १८९६ साली हा स्वयंपचनाचा विचार मांडला. पुढे १९०१ मध्ये यूजीन ओपी यांनी बाल्टिमोर येथील एका शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पित्तनलिका व स्वादुपिंडनलिका जेथे ग्रहणीत उघडतात, त्या मुखाशीच एक छोटासा खडा अडकला होता. मोठा खडा बहुधा पित्ताशयातच पडून राहतो. नलिकेत घसरतो तो लहान. सोनोग्राफीच्या अहवालातील 'बारीक खडे' हे शब्द वाचून निश्चिंत होणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे. मद्य हे दुसरे प्रमुख कारण. रक्तातील ट्रायग्लिसराइड १००० मिलिग्रॅमच्या पलीकडे जाणे, काही औषधे, ही त्यामागून येतात.

वेदना पोटाच्या वरच्या भागात अचानक सुरू होते, पाठीकडे जाते, तासन्‌तास टिकते. उलटीनेही आराम पडत नाही. रुग्ण पुढे वाकून बसतो. हृदयविकाराचा झटकाही असाच भासू शकतो, म्हणून ई.सी.जी. आधी काढावा. रक्तातील लायपेज वा अमायलेज सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असल्यास निदान पक्के होते. मात्र आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर, असे मुळीच नाही. नातेवाईक रोज आकडा विचारतात. आपण मात्र श्वास, लघवीचे प्रमाण आणि क्रिएटिनिन पाहावे.

उपचारांत आमच्या पिढीने शिकलेले पुष्कळ बदलले आहे. 'स्वादुपिंडाला विश्रांती' म्हणून दिवसेंदिवस उपाशी ठेवण्याची प्रथा मागे पडली; सौम्य आजारात सोसेल तसे लवकर खाऊ घालतात. संसर्गाचा पुरावा नसता प्रतिजैविके देत नाहीत. शिरेवाटे द्रव हवेतच, परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वॉटरफॉल' चाचणीत भरमसाट द्रव दिलेल्या गटात अतिद्रवभाराचे प्रमाण २०.५ टक्के, तर बेताने दिलेल्या गटात ६.३ टक्के आढळले.

बहुतेक रुग्ण आठवड्याभरात बरे होतात, आणि खरी चूक येथेच घडते. कळ थांबली, आता पित्ताशयाची शस्त्रक्रिया घरचे लग्नकार्य आटोपल्यावर करू, असे ठरते. खडे मात्र मुहूर्त पाहत नाहीत. नेदरलँड्समधील २०१५ च्या 'पाँचो' चाचणीत सौम्य आजाराच्या रुग्णांपैकी त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांत खड्यांमुळे पुन्हा दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण ५ टक्के होते. सुमारे चार आठवडे थांबलेल्यांत १७ टक्के. (योगायोगाने सापडलेल्या, त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही, हेही सांगितले पाहिजे.) गंभीर आजारात मात्र सूज व भोवतालचा द्रव ओसरेपर्यंत थांबणेच इष्ट.

'पित्ताशय काढले तर अन्न पचणार कसे?' हा प्रश्न हमखास येतो. पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ही केवळ साठवणीची पिशवी. ती गेल्यावर पित्त थेट आतड्यात उतरत राहते. काहींना आरंभी तेलकट जेवणानंतर शौचास पातळ होते, आणि ते बहुधा काही आठवड्यांत निवळते.