संगणकातील फाईल पुसली जात नाही, तेव्हा...

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. समजा, डोंगरकड्यात तुमची हळदीची आडत आहे. हंगाम संपल्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची एक जुनी फाईल पुसायला गेलात, तर संगणक नकार देतो. कोणी सांगतो, व्हायरस आहे; कोणी म्हणतो, सगळा संगणक फॉरमॅट करा. पण फॉरमॅट केल्यास त्या एका फाईलीसोबत वर्षभराची उधारीही जाईल. म्हणून आधी कारण ओळखावे.

१) फाईल उघडी असणे : बहुतेक वेळा हेच कारण असते. मुनीमजी वहीत लिहीत असताना ती वही कपाटात ठेवता येत नाही, तसेच हे आहे. फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असेल, तर विंडोज ती सहसा पुसू देत नाही. सर्व प्रोग्रॅम नीट बंद करावेत. दुकानातील दोन संगणक जोडलेले असतील, तर दुसऱ्यावर ती उघडी नाही ना, हे पाहावे. तरीही जमले नाही, तर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. हिशेबाचा प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करू नये. जतन न केलेल्या नोंदी जातात.

२) अधिकार नसणे : फाईल दुसऱ्याच्या खात्यातून तयार झाली असेल, तर परवानगी नसल्याची सूचना येते. अशा वेळी ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून पुसावी.

३) नावाचा दोष : फोल्डरमध्ये फोल्डर करत गेल्यास फाईलीचा पूर्ण पत्ता लांबतो. विंडोजमध्ये ही मर्यादा सर्वसाधारणपणे २६० अक्षरांची आहे. वरच्या फोल्डरांची नावे लहान केली की फाईल पुसली जाते.

४) डिस्कचा दोष : काही मेमरी कार्डांच्या कडेला कुलपाची बारीक पट्टी असते, ती सरकली असेल तर काहीच पुसले जात नाही. डिस्कच बिघडली असेल, तर प्रथम कामाच्या फाईली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, मगच दुरुस्ती करावी.

शेवटी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : ही फाईल पुसायची आहे का? जीएसटी कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपली पाहिजेत. संगणकातील नोंदीही त्यात आल्या. ज्या वर्षाच्या विवरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, त्याचे हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवावे लागतील. अपील चालू असेल तर त्याहूनही जास्त.

तेव्हा घाई करू नका. आधी नक्कल वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, ती उघडते का पाहा, आणि मगच फाईलीला हात लावा. न पुसलेली फाईल थोडी जागा अडवते. चुकून पुसलेली फाईल मात्र येणे असलेली रक्कमही बुडवू शकते.