साखर उतरली, पण कशानं?

बंगळुरूत मधुमेहावरचे वनस्पती-अर्क तपासायला आमच्या प्रयोगशाळेत नवी मुलं आली की मी त्यांना आधी जांभळाच्या बियांची हकिगत सांगते.

त्या अर्कानं अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर जवळजवळ बंद पाडलं होतं. आतड्यात हे विकर अडलं की जेवणानंतरची साखर सावकाश चढते. ॲकार्बोजची गोळी तेच करते. विकर चालू असेल तर आमचं द्रावण पिवळं होतं. ते होईना. सगळे खूश! मग त्यात थोडं अल्ब्युमिन हे प्रथिन घातलं, आणि द्रावण हळूहळू पिवळं होऊ लागलं. विकर अडवत होतं ते टॅनिन, आणि टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. लिहून तयार असलेला शोधनिबंध बाजूला ठेवावा लागला. म्हणून सांगते, टॅनिन काढून प्रयोग पुन्हा करा, आणि अर्काचा स्वतःचा रंग आकड्यातून वजा करा.

उंदरांच्या बाबतीत तर फार जपायला हवं. मधुमेह घडवायला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचल्यावर मरणाऱ्या बीटा पेशींतून इन्शुलिन एकदम सुटतं. पहिल्या रात्री पाण्यात ग्लुकोज ठेवलं नाही तर उंदीर दगावतात. त्याचसाठी ॲलॉक्सन दिलेले काही उंदीर आपसूकच सुधारतात. शेजारी अर्क न दिलेला मधुमेही गट नसेल तर श्रेय अर्काला जातं. रोजचं खाणंही तोला. कडू अर्क पाजलेला उंदीर खात नाही, वाळतो, आणि साखर उतरते. खाण्याचा तक्ता नसलेला प्रबंध हाती आला की मला त्या मुक्या जिवांचं फार वाईट वाटतं.

ग्रंथिगे अंगडीतून, म्हणजे इथल्या काष्ठौषधींच्या दुकानातून, तयार पूड आणू नका. पूड झाली की ओळख पटवणं अवघड. पानाफुलांसकट फांदी येलहंकाजवळच्या एफआरएलएचटी या संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात दाखवा, नमुना क्रमांक नोंदवा.

ओळखीपाळखीचे विचारतात, "ताई, गोळी सोडून गुडमारची पूड घेऊ का?" नाही. मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या वनस्पतीत आहे, पण त्यातलं गॅलेजिन विषारी निघालं. त्याच्याशी नातं असलेलं मेटफॉर्मिन वेगळं बनवावं लागलं, आणि झाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचे त्याचे निष्कर्ष छापले ते १९५७ साली. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असताना काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. दोन्ही मिळून साखर फार खाली नेऊ शकतात. दरदरून घाम आला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्या आणि पंधरा मिनिटांनी मोजा.