जुन्या आवृत्तीला निरोप : पायथॉन भाषेचा धडा

संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषांनाही आवृत्त्या असतात. नवी आवृत्ती निघाल्यावर जुनीवर रचलेल्या आज्ञावल्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. मुक्तस्रोत आज्ञावल्या सर्वांना पाहण्यास व सुधारण्यास खुल्या असतात आणि त्यांची निगा पुष्कळदा स्वयंसेवक राखतात. तेथे हा प्रश्न विशेष नाजूक ठरतो. या दृष्टीने पायथॉन भाषेचा अनुभव उद्बोधक आहे.

बदलाचे स्वरूप

ग्विडो व्हॅन रॉसम यांनी निर्माण केलेली ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. डिसेंबर २००८ मध्ये तिची ३.० ही आवृत्ती आली. तिने काही जुने दोष मुळापासून दूर केले. परंतु त्यामुळे जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालेनात. जुन्या आवृत्तीत ७ ला २ ने भागले असता उत्तर ३ येई. नव्या आवृत्तीत ते ३.५ येते. यूटीएफ-८ पद्धतीने साठविलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी जुनी आवृत्ती, वेगळी सूचना न दिल्यास, १५ सांगे; कारण ती बाइट मोजीत असे. नवी आवृत्ती काना व वेलांटी धरून ५ चिन्हे मोजते. देवनागरीत काम करणाऱ्यांना ही सुधारणा मोलाची होती.

दुहेरी भार

बदल मोठा असल्याने दोन्ही आवृत्त्या दीर्घकाळ शेजारी नांदल्या. २.७ या आवृत्तीचा आधार प्रथम २०१५ पर्यंतच राहावयाचा होता. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढविण्यात आली. या काळात अनेक आज्ञावलीसंचांच्या कर्त्यांना प्रत्येक दुरुस्ती दोन्ही आवृत्त्यांवर तपासावी लागे आणि नव्या आवृत्तीच्या सोयी वापरता येत नसत. स्वयंसेवकांचा वेळ मर्यादित असतो. जुन्यावर तो खर्च झाला, की नव्या कामासाठी उरत नाही.

निरोपाची रीत

अनेक संचांनी हा आधार पूर्वसूचना देऊन काढून घेतला. अंकगणिताच्या ‘नमपाय’ संचाने २०१७ मध्येच आपले वेळापत्रक जाहीर केले; २.७ वर चालणारी त्याची अखेरची मालिका १.१६ ही होय. संकेतस्थळे रचण्याच्या ‘जँगो’ संचाने २०१७ मध्ये हेच केले. मात्र आपल्या १.११ या मालिकेस पुढे २०२० पर्यंत दुरुस्त्या पुरविल्या. आज्ञावलीसंच बसविणारे ‘पिप’ हे साधन २०१६ पासून संचाला कोणती आवृत्ती लागते हे स्वतः पाहू लागले. त्यामुळे जुन्या वापरकर्त्यास न चालणारा नवा संच न मिळता, चालणारा अखेरचा संच मिळू शकला. ज्यांनी हे साधनच अद्ययावत केले नव्हते, त्यांना मात्र अडचण सोसावी लागली. एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ ही अखेरची दुरुस्ती निघाली आणि हे पर्व संपले.

वापरकर्त्याचे कर्तव्य

आधार संपला म्हणून आज्ञावली त्या दिवशी बंद पडत नाही, आणि खरा धोका येथेच आहे. काम चालू राहते, पण नव्याने आढळलेल्या सुरक्षादोषांवर मूळ कर्त्यांकडून दुरुस्ती येत नाही. आता पायथॉनची नवी आवृत्ती दरवर्षी निघते आणि तिला सुमारे पाच वर्षे आधार मिळतो. म्हणून प्रत्येक संस्थेने आपली आज्ञावली कोणत्या आवृत्तीवर चालते व तिची मुदत केव्हा संपते, याची नोंद ठेवावी. नवी आवृत्ती प्रथम स्वतंत्र प्रतीवर तपासावी, हिशेबाची उत्तरे पडताळावी आणि मगच बदल करावा. कर्त्यांनी वेळेवर सूचना द्यावी व वापरकर्त्यांनी वेळेवर तयारी करावी, यातच उभयतांचे हित आहे.