लोडशेडिंगचा अनुभव इथे उपयोगाचा नाही

८ जुलै २०२४ रोजी पहाटे बेरील चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर माटागोर्डापाशी धडकलं आणि ह्यूस्टन परिसरातल्या २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आम्ही केटीला राहतो. सासूसासरे भारतातून आले होते. बाबा अगदी निवांत. "अगं, आमचा जन्म गेला लोडशेडिंगमध्ये!"

माझ्या मते हीच खात्री इथे घात करते. सांगलीला वीज गेली तरी खिडक्या सताड उघड्या, गच्ची हाताशी आणि ओट्यावरचा सिलिंडर चालूच. इथलं घर एसी गृहीत धरूनच बांधलेलं, वारा आरपार जायला वाटच नाही. आमची शेगडीही विजेची. दुपारी बाबांनी अंगणातली कोळशाची ग्रिल गॅरेजमध्ये ओढली, चहा-खिचडीसाठी. "दार उघडं आहे की, धूर जाईल बाहेर." मी ती परत अंगणात न्यायला लावली. सुनेनं अडवलं म्हणून ते जरा घुश्शातच होते.

पण धूर दिसतो तरी. कोळशातून त्याच्यासोबत निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गॅरेजचं दार उघडं असलं तरी तो घरात शिरतो. एसीची हवा खायला गॅरेजमध्ये गाडी सुरू करून बसणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. वादळानंतरच्या उकाड्यात नेमकं तेच होत असतं, म्हणून माणूस लिंबूपाणी पिऊन आडवा होतो. घरात सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ऊन लागलंय असं समजू नका.

आमच्याकडे त्याच रात्री कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलला. उकाड्यामुळे खिडक्या उघड्या टाकल्या होत्या आणि कुंपणापलीकडच्या जनरेटरचं धुराडं नेमकं आमच्या बाजूला. आधी सगळे ड्राइव्हवेवर आलो, मग ९११ ला फोन. अग्निशमन दलाच्या माणसांनी खोल्याखोल्यांत यंत्र फिरवून वायू मोजला आणि जनरेटर लांब हलवायला लावला. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर आणि धुराडं कुणाच्याही खिडकीकडे नको. त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये तर कधीच खुपसू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या कामगाराचा जीव जातो. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही. त्यासाठी वेगळा किंवा जोड अलार्म लागतो, तोही बॅटरीवर चालणारा.

बाकीचं थोडक्यात. फ्रिज न उघडल्यास आतलं अन्न चार तास टिकतं, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास. उरलेल्या वरणाची माया करू नका. पडलेल्या तारेजवळून पाणी वाहत असेल तर त्यातही पाय नको.

वीज कुठे आली हे कळायला त्या आठवड्यात लोक व्हॉटाबर्गरच्या अ‍ॅपवरचा नकाशा बघत होते. बर्गरचं दुकान उघडं म्हणजे तिथे वीज! गंमत वाटते, पण वयस्कर माणसांना गार ठिकाणी हलवायला आम्हाला तोच उपयोगी पडला. घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल तर मात्र नकाशावर विसंबू नका. टेक्सासमध्ये अशा ग्राहकांची वेगळी नोंद होते, डॉक्टरांच्या सहीचा अर्ज लागतो. नोंद झाली म्हणून वीज जाणारच नाही असं नसतं, तेव्हा जादा सिलिंडर आणि जायचं ठिकाण वादळांच्या हंगामाआधी, म्हणजे जूनआधीच ठरवून ठेवा.