आजोबांची २० बोअरची बंदूक

प्रश्न : आजोबांची, बाहेर घोडे असलेली २० बोअरची विलायती दुनळी बंदूक वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढली आहे. तीत आजची काडतुसे वापरावीत काय?

उत्तर : नळ्यांवर लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडल्याची ती मनोहर नागमोडी नक्षी असेल, आणि १८१३ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची धूरविरहित दारूची मोहोर खालच्या सपाटीवर आढळत नसेल, तर ती काळ्या दारूसाठीच घडली आहे असे समजून आधुनिक काडतूस कदापि घालू नये. मोहोर असली तरी निष्णात कारागिराकडून नळ्यांची जाडी तपासून कोठी मोजून घ्यावी. कारण तत्कालीन कोठी बहुधा अडीच इंचांची, तर आजचे काडतूस पावणेतीन इंचांचे, आणि बार उडताच उलगडणारे त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरून दाब भयंकर वाढवते. रिकाम्या नळ्यांवर घोडे पाडू नयेत.