परतीची वेळ आधी ठरवा : निवृत्त जोडप्यांसाठी वसंतातले कानमंत्र

नोकरी संपली की पहिल्या वर्षी माणसं दोन टोकं गाठतात. काही जण रोज कुठे ना कुठे निघतात आणि महिन्याभरात थकून बसतात. काही जण ‘आता वेळच वेळ आहे’ म्हणत उंबरठाही ओलांडत नाहीत. मी बीड जिल्ह्यात शाळेत शिकवलं, आमचे हे कचेरीत होते. दोघांच्या निवृत्तीला आता बराच काळ लोटला. या काळात आम्हाला सगळ्यात जास्त कामाला आला तो सासूबाईंचा एक शब्द : घराबाहेर पाऊल टाकण्याआधी परत कधी यायचं ते ठरवावं. त्यांनी तो वावरात जाणाऱ्या माणसांसाठी सांगितला होता. आम्ही तो सहलीला लावला, छंदांना लावला आणि लेकरांकडे जाण्यालाही लावला. नव्याने निवृत्त झालेल्या तुम्हा दोघांसाठी तोच इथे उलगडून सांगते.

कपिलधारला जावं ते दिवस उजाडताना

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि पालीच्या पुढचा घाट चढला की मांजरसुंबा येतं. तिथून जवळच बालाघाटच्या डोंगरात कपिलधार. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या संत मन्मथस्वामींची समाधी इथे आहे. आपल्याकडच्या लिंगायत घरांत आणि शिवनाम सप्ताहांत या ग्रंथाचं पारायण चालतं. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला लांबलांबून पायी दिंड्या येतात. पावसाळ्यात कड्यावरून धार कोसळते, तेव्हा तरुणांची रीघ लागते. आपल्या वयाच्या माणसांनी मात्र महाशिवरात्रीनंतरचे दिवस धरावेत, फार तर पाडव्यापर्यंतचे. तेव्हा धबधब्याची आशा ठेवू नये. समाधीपुढे निवांत बसायला मिळतं, पोथीची दोन पानं वाचून होतात आणि पुजाऱ्यालाही दोन शब्द बोलायला सवड असते. सोमवार, अमावास्या आणि सुट्टीचा वार सोडून जावं.

सकाळच्या पारी सहाला निघावं आणि साडेदहाच्या आत घरी यावं. बालाघाटचा दगड काळा आहे. चैत्र लागला की तो सकाळीच तापायला लागतो आणि दरीत वारा पडतो. दरीतल्या कुठल्याही ठिकाणी जाताना उतार असतो आणि परतताना चढ असतो. उतरताना दम कळत नाही, म्हणून माणूस जास्त फिरतो आणि चढ नेमका उन्हात येतो. तेव्हा अंगातली निम्म्याहून जास्त ताकद परतीसाठी राखावी. पायऱ्या उतरताना काठी पुढच्या पायरीवर टेकवून मगच पाऊल टाकावं. पिशवीत जाड सुती मोजे ठेवावेत. चपला काढल्यावर तापलेल्या फरशीवरून तळपाय भाजत चालायची पाळी येत नाही.

निघताना शेजारी एका घरी सांगून जावं : अमुक ठिकाणी चाललो, अमुक वाजता येऊ. गोळ्यांची वेळ सहलीसाठी पुढे ढकलू नये. कोणाला चक्कर आली, घाम थांबला किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर सावलीत निजवावं, अंग ओल्या फडक्याने पुसावं आणि १०८ वर फोन करावा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. ‘बसलं की बरं वाटेल’ म्हणत वाट बघू नये.

एस.टी.चा हक्क पुरता वापरावा

गाडी काढायची म्हटली की चालवणारा शोधावा लागतो आणि मग बेत पोराच्या सुट्टीवर अडतो. एस.टी.ने जावं. वयाची ७५ वर्षं पूर्ण झाली असतील तर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ या वयात निम्मं भाडं लागतं. बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात निम्मं भाडं आहे, त्यामुळे नवरा पासष्टीचा आणि बायको साठीची असली तरी दोघांचं मिळून एकच पूर्ण तिकीट होतं. आधार कार्ड जवळ ठेवावं. प्रवास मोफत असला तरी कंडक्टरकडून शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यावं. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. बिदर किंवा कलबुर्गीकडच्या सोयऱ्यांकडे जाणार असाल तर पुढच्या भाड्याचे सुटे पैसे वेगळे काढून ठेवावेत. आणि निघतानाच स्थानकावर परतीच्या गाडीची वेळ विचारून ती कागदावर लिहून घ्यावी.

डबा घरचा, आणि तोही हलका

प्रवासाला धपाट्यांसारखं दुसरं काही नाही. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन आणि थोडी कणीक, वाटलेली लसूण-मिरची, तीळ, ओवा, हळद आणि भरपूर कोथिंबीर घालावी. पीठ पाण्याऐवजी ताकात भिजवावं. ताकातलं धपाटं दुपारपर्यंत मऊ राहतं, दातांना त्रास देत नाही. ओल्या फडक्यावर हाताने थापावं, मधे बोटाने भोक पाडावं आणि फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं घालावं. त्या भोकातून तेलाचे दोन थेंब सोडले की मधला भाग कच्चा राहत नाही. काकडी किंवा दुधी किसून घातला तर चव येते, पण उन्हाच्या दिवसांत ते धपाटं दुपारच्या आत संपवावं. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि ताकाची बाटली. थापायचं काम एकाने आणि भाजायचं दुसऱ्याने केलं तर निघायला उशीर होत नाही.

एका दिवशी एकच ठिकाण

कपिलधार, नायगाव, अंबाजोगाई, परळी असं एका दिवसात उरकायचा मोह होतो. तो आवरावा. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली जाहीर झालेलं हे रान सुमारे ३० चौरस किलोमीटरचं आहे. पावसाळा सरला की मोर पिसं गाळतो आणि वसंतापर्यंत त्याचा पिसारा पुन्हा भरतो. याच दिवसांत झाडांची पानं गळलेली असतात. पाऊस सुरू झाल्यावर झुडपाआड लपणारा मोर तेव्हा लांबूनही दिसतो. आपल्या डोंगरातली सीताफळाची झाडंही तेव्हा उघडी असतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण फळ खाणाऱ्या पुष्कळांनी ते झाड फाल्गुनात कसं दिसतं ते पाहिलेलं नसतं. एकदा तेवढ्यासाठी जावं. पळस फुललेला असतो, कडुनिंबाला तांबूस कोवळी पालवी आलेली असते.

अंबाजोगाईसाठी वेगळा दिवस काढावा. मांजरसुंब्याहून नेकनूर, केजमार्गे सरळ रस्ता आहे. योगेश्वरीचं दर्शन घ्यावं, मुकुंदराजांच्या समाधीला जावं आणि दासोपंतांची पासोडी बघावी. कागदाऐवजी लांबच लांब कापडावर त्यांनी ग्रंथ लिहिला. ज्या बाईने आयुष्यभर गोधड्या शिवल्या तिने तर ती बघायलाच हवी.

छंद दोघांचे वेगळे असावेत, गप्पा एकत्र

दिवसभर एकमेकांच्या समोर बसायची सवय नोकरीतल्या जोडप्यांना नसते. निवृत्तीनंतर कुरबुरी होतात त्या बहुधा यातूनच. म्हणून सकाळचे दोन तास ज्याचे त्याला द्यावेत. आमचे हे पक्ष्यांची वही लिहितात, मी गोधडी शिवते. संध्याकाळी चहाच्या वेळी एकमेकांना सांगायला मग काहीतरी नवं असतं.

पक्ष्यांचा छंद वसंतात सुरू करायला सगळ्यात सोपा आणि बिनखर्चाचा. सावलीत एका परळात पाणी ठेवायचं, रोज परळ घासून पाणी बदलायचं आणि लांब बसून बघायचं. कोण आलं, किती वाजता आलं, किती जण होते, एवढं वहीत लिहायचं. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभरची माणसं आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. भारतातही २०१३ पासून ही मोजणी होते. पंधरा मिनिटं बसून केलेली नोंदही तिथे चालते. नातवाला मोबाइलवर नोंद भरायला सांगावं, नावं आपण सांगावीत. वनखात्यातून निवृत्त झाल्यावर मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. नोकरीतल्या वर्षांत साठवलेलं निवृत्तीत कसं कामाला येतं ते त्यातून शिकावं. पक्ष्यांना मराठीत, आपल्या गावच्या बोलीत काय म्हणतात, हे लिहून ठेवायचं काम आपल्याच पिढीचं आहे.

छंदालाही उठायची वेळ असावी. डोळे चुरचुरेपर्यंत शिवू नये आणि घरच्या कामाची वेळ टळेपर्यंत वाचत बसू नये.

नातवंडं येणार असतील तर वाळवणं थांबवून ठेवावीत

फाल्गुन-चैत्रात कुरडया, पापड, शेवया होतात. एकट्या बाईने सगळं उरकून डबे भरून ठेवू नयेत. लेकरं यायची असतील तर कुरडयांचा घाट तेव्हाच घालावा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून चीक काढायचा. तो रात्रभर निवळू द्यायचा आणि वरचं पाणी टाकून मोठ्या पातेल्यात शिजवायचा. घट्ट चीक हलवायला ताकद लागते, ते काम आजोबांनी आणि मुलाने करावं. शिजलेल्या गरम चिकाचं ताट साखर-दूध घालून नातवंडांपुढे ठेवावं. साच्यातून कुरडई पाडायला त्यांना बसवावं. वेडीवाकडी पडली तरी वाळल्यावर तळायची तशीच तळावी आणि ‘ही तुझी’ म्हणून पुढच्या वेळी त्यालाच वाढावी.

लेकरांकडे जाताना परतीचं तिकीट काढून जावं

बीडची बरीचशी पोरं पुण्यात. त्यांच्याकडे जाताना किती दिवस राहणार ते फोनवरच सांगावं. परतीची तारीख कळली की सून निश्चिंत होते आणि आपलाही मान राहतो. लेक कितीही आग्रह करो, तारीख शक्यतो बदलू नये. त्याऐवजी लवकर पुन्हा यावं. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये असतात, तेव्हा जायचं ते मदतीला जावं, पाहुणचाराला जाऊ नये. सुनेच्या स्वयंपाकघरातले डबे जिथे असतील तिथेच राहू द्यावेत. भाजी निवडणं, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं, एवढी कामं मागून घ्यावीत. गोळ्या परतीच्या दिवसापेक्षा आठवडाभर जास्त न्याव्यात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत लेकाकडे ठेवावी.

सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला रेल्वे धावू लागली आहे. एका सुट्टीत नातवंडांना त्या गाडीने आपण होऊन फिरवून आणावं. या रेल्वेची वाट आपल्या कितीतरी पिढ्यांनी पाहिली, हे त्यांना डब्यात बसूनच सांगावं.

लेकरांइतकाच हक्क भावंडांचा. चैत्रातलं हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं ही निमित्तं आहेत. एकटी राहणारी म्हातारी आत्या, आजारी दीर, गावाकडची विधवा जाऊ यांच्याकडे आधी जाऊन यावं. त्यांना आपली जितकी गरज असते तितकी पुण्यातल्या नातवाला नसते.

गावाकडची घरं भरतात, तेव्हा गावी असावं

आपल्या जिल्ह्यात वसंताचा आणखी एक अर्थ आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली माणसं साखर कारखान्यांचे पट्टे पडले की पाडव्याच्या सुमारास परततात. तोवर कितीतरी घरांत आजी-आजोबा नातवंडं सांभाळत बसलेले असतात. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि त्यांचं काम कधी संपत नाही. कपिलधारच्या वाटेवर अशी गावं लागतात. मी शाळेत होते तेव्हा आईबाप परत आलेल्या दिवशी वर्गातलं लेकरू ओळखू येत असे, इतका त्याचा चेहरा बदललेला असायचा.

तुम्हा दोघांना निवृत्तिवेतन असेल तर आठवड्यातली एक सकाळ अशा एखाद्या गावाला द्या. हंगामात मागे राहिलेल्या लेकरांचं वाचन घ्या. त्यांच्या आजीला कागदपत्रं भरायला मदत करा, एस.टी.ची सवलत समजावून सांगा. पाडव्याला घर भरलं की त्यांच्या अंगणात दहा मिनिटं बसून या. इतकं चांगलं फिरणं दुसरं नाही.

आज संध्याकाळीच दोघांनी पंचांग घेऊन बसा. पाडव्याआधीची एक सकाळ कपिलधारला द्या, चैत्रातला एक दिवस भावंडांना द्या, वैशाखाची सुट्टी नातवंडांना द्या. प्रत्येक तिथीपुढे निघायची वेळ लिहा आणि तिच्याशेजारी परतायची. वेळेवर घरी येणाऱ्या म्हाताऱ्यांना पुन्हा निघताना कोणी अडवत नाही.